जुन्या पिकअपला कोणता स्कॅनर घ्यावा? माल असला की चढाला दम तुटतो, चेक लाइट लागते

जांबोटीवाला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या. माझ्याकडं २०१३ ची पिकअप हाय, केए २२ पासिंग, सेकंडहँड घेऊन पाच वर्षं झाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळे कंपनीवरच भांडत बसतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. बेळगावच्या मार्केटातनं भाजी भरायची, पहाटे चोर्ला घाटातनं उतरून म्हापशाला टाकायची, येताना नारळ नायतर जे भाडं मिळंल ते घेऊन यायचं. घर याच्यावरच चालतंय.

दोन महिने झाले, साखळी सोडून घाट चढायला लागलं आणि मागं माल असला की गाडी तिसऱ्यात ओढता ओढता एकदम दम टाकते. अॅक्सिलेटर तळाला लावला तरी आरपीएम २ हजाराच्या वर जात नाही आणि चेक लाइट लागते. बाजूला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटं थांबून परत मारली की काही झालंच नाही अशी चालते, पुढच्या चढाला परत तेच. रिकामी असली तर घाटभर एकदाबी होत नाही. धूर जास्त नाही, स्टार्टिंग चांगलं हाय.

एक मिस्त्री म्हणतोय चारही इंजेक्टर गेले, दुसरा म्हणतोय हाय प्रेशर पंप. दोघांचाबी आकडा तीस-पस्तीस हजार. एकानं दोनदा स्कॅनर लावला, दोन्ही वेळा पैसे घेतले, बिघाडाचा कोड काय आला विचारलं तर "ते तुम्हाला कळत नाही" म्हणून पुसून टाकला. तिसऱ्याकडं गेलो तर तिथं रोज "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. म्हणून ठरवलंय आपलाच एक स्कॅनर घेऊन ठेवायचा. ऑनलाइन बघितलं तर ६०० रुपयांपासनं ४० हजारापर्यंत हाय, डोकंच फिरलं. फोन अँड्रॉइड हाय, इंग्रजी कामापुरतं कळतं. कुठला घेऊ? उगीच पैसे जायला नकोत, पण खरंच कामाचा असंल तर चार पैसे जास्त घालायची तयारी हाय.

वडगावकर

६०० वाला ब्लूटूथचा घ्या की दादा, डोळे झाकून. माझ्या कारला दोन वर्षं झाली लावून, फोनवर सगळं दिसतंय, टेंपरेचर, बॅटरी, कोड, सगळं. कार २०१९ ची पेट्रोल आहे.

उद्यमबाग_वायरिंग

वडगावकर, तुमच्या कारला चालला म्हणून यांच्या पिकअपला चालेलच असं नाही, आणि इथंच निम्म्या लोकांचे पैसे जातात. मी वायरिंगचंच काम करतो, आठवड्याला एकजण तरी असला डब्बा घेऊन येतो, "कनेक्टच होत नाही" म्हणून.

आधी हे बगा. आपल्याकडं बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी नियमाचा टप्पा) गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीनं आपला बिघाड आपणच ओळखून कोडनं सांगायची सोय, सक्तीची झाली, पहिला टप्पा ओबीडी-१ हा एप्रिल २०१० पासनं आणि दुसरा ओबीडी-२ हा एप्रिल २०१३ पासनं. पण त्या वेळी बीएस-४ ठरावीक शहरांतच होतं, देशभर झालं १ एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात आपल्या भागात पासिंग झालेल्या मालगाड्या बऱ्याचशा बीएस-३. त्यांच्यात १६ पिनांचा कपलर असतो, दिसायला अगदी कारसारखा, पण आत बोलणं कंपनीच्या आपल्या भाषेत चालतं. स्वस्तातला अडॅप्टर फक्त ओबीडी-२ ची सर्वसाधारण भाषा जाणतो. मग ब्लूटूथ जोडलं जातं, अॅप उघडतं आणि ईसीएमकडनं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडनं, उत्तरच येत नाही.

म्हणून काहीबी विकत घ्यायच्या आधी टॉर्च घ्या आणि स्टिअरिंगखालच्या कपलरमध्ये बगा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडनं १ ते ८, खालच्या ओळीत ९ ते १६. कुठल्या घरात पितळेची पिन आहे आणि कुठलं घर रिकामं आहे ते कागदावर लिहा. ४ आणि ५ अर्थिंग. १६ ला बॅटरीचा करंट, चावी काढली तरी चालू. ६ आणि १४ मध्ये पिना असतील तर कॅन, म्हणजे नवी पद्धत. ७ मध्ये असेल आणि ६-१४ रिकाम्या असतील तर के-लाइन, म्हणजे जुनी पद्धत. मल्टिमीटर असेल तर ४ आणि १६ मध्ये लावून १२ व्होल्ट येतात का बगा, नसतील येत तर आधी फ्यूज, बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. आणि तुमच्याकडं जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, पिनांना हिरवं धरलंय का तेबी बगा, धरलं असेल तर काँटॅक्ट क्लिनर मारून घ्या.

आरसी बुकावर बीएस काय लिहिलंय तेबी टाका.

निपाणीकर

वायरिंगवाले दादा बोलले त्याच्या आधीची एक पायरी मी सांगतो. इंजिन कॉमन रेल आहे की साध्या पंपाचं ते आधी बघा. आमच्याकडं तंबाखूच्या गठ्ठ्यांना जी जुनी पिकअप आहे ती साध्या पंपाची, तिला ईसीएमच नाही. तिच्यासाठी मी अडीच हजाराचा हातातला स्कॅनर मागवला होता आणि आल्यावर कळलं की गाडीत लावायला कपलरच नाही. परत पाठवायची मुदत निघून गेली होती. तेव्हा कुणी एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितोय.

ओळखायचं सोपं आहे. बॉनेट उघडा. पंपापासनं चार लोखंडी नळ्या सरळ चार नोझलला गेल्या असतील आणि नोझलच्या डोक्यावर वायर नसेल तर साधा पंप. पंपापासनं एक नळी एका जाड आडव्या दांड्याला गेली असेल, त्या दांड्यापासनं चार नळ्या इंजेक्टरला आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर दोन वायरचा कपलर असेल तर कॉमन रेल. तो दांडा म्हणजेच रेल. चेक लाइट लागते म्हणताय म्हणजे तुमची कॉमन रेलच असणार, पण डोळ्यानं बघून घ्या.

जांबोटीवाला

सगळ्यांना मनापासनं धन्यवाद, एवढं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. आज भाडं नव्हतं म्हणून बसून सगळं बघितलं. कॉमन रेल हाय, दांडा आणि वायरी दिसल्या. कपलरमध्ये ४, ५, ७, १६ ला पिना हायत, ६ आणि १४ रिकामी. १६ ला १२.४ व्होल्ट. पिना जरा काळ्या होत्या, क्लिनर मारला. आरसीवर भारत स्टेज ३.

म्हणजे के-लाइन ना? आता ६०० वाला चालणारच नाही का? आणि हो, शेजारच्याकडं तसला एक हाय, त्याच्यावर २.१ लिहिलंय, लावून बघितला. लाल लाइट लागते, फोनला जोडतोय, पण अॅपवर शेवटपर्यंत कनेक्टिंगच.

उद्यमबाग_वायरिंग

होय, के-लाइन. आणि २.१ लिहिलंय म्हणताय त्याचं सांगतो, कारण या आकड्यांवर लोक फार फसतात. या डब्ब्यातली मूळ चिप ईएलएम ३२७, कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची. ती कंपनी २०२२ साली बंद झाली. बाजारात पाच-सहाशेला मिळतात त्या सगळ्या नकला. त्यांच्यात गंमत अशी की १.५ नावाची आवृत्ती मूळ कंपनीनं कधी काढलीच नव्हती, तरी १.५ लिहिलेल्या नकला बऱ्याचदा पूर्ण चालतात आणि २.१ लिहिलेल्या कितीतरी नकलांत अर्ध्या आज्ञा आणि जुने प्रोटोकॉल काढून टाकलेले असतात. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं धरून चालू नका.

पण तुमच्यासाठी १.५ सुद्धा मी सुचवणार नाही. कारण चिपनं के-लाइन धरली तरी तुमची बीएस-३ गाडी कंपनीच्या भाषेत बोलणार, आणि तुम्हाला जे बघायचंय ते सर्वसाधारण यादीत नाही. काय बघायचंय ते समजून घ्या, मग स्कॅनर आपोआप ठरतो.

तुमचं लक्षण काय, रिकामी असताना काही नाही, भरलेली असताना चढाला दम तुटतो, चावी फिरवली की परत नीट. याला लिंप मोड म्हणतात, ईसीएमला काहीतरी पटत नाही म्हणून ती इंजिन वाचवायला ताकद कमी करते. कॉमन रेलला असं होण्यामागं बहुतेक वेळा दोनच खाती, एक रेलचं प्रेशर, दुसरं टर्बोची हवा. कोड बघूनच खातं कळतं. पी ००८७ आला तर रेलमध्ये प्रेशर कमी पडतंय. पी ०२९९ आला तर टर्बोचं बूस्ट कमी, म्हणजे होज फाटलाय, क्लिप सैल आहे, असलं काहीतरी. कंपनीचा आपला पी १ नं सुरू होणारा कोडबी येऊ शकतो, त्याचा अर्थ त्या गाडीची यादी असलेला स्कॅनरच सांगतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी ००८७ म्हणजे पंप गेला असं नाही. रेलला प्रेशर कमी पडायला चोंदलेला डिझेल फिल्टर पुरतो, टाकीतल्या जाळीवर गाळ पुरतो, सक्शनच्या पायपाला बारीक भेग पडून हवा धरली तरी पुरतं, प्रेशरचा व्हॉल्व्ह चिकटला तरी, इंजेक्टर मागं डिझेल सोडत असतील तरी, आणि मग शेवटी पंप. तुमचा मिस्त्री शेवटनं सुरुवात करतोय.

म्हणून स्कॅनर असा पाहिजे की जो चालू गाडीत दोन आकडे शेजारी शेजारी दाखवेल, ईसीएमनं मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षात मिळालेलं. साध्या ओबीडी यादीत जुन्या गाड्यांना मिळालं तर मिळालेलंच दिसतं, मागितलेलं दिसत नाही. दोन्ही दिसले की घाटात काय होतंय ते डोळ्यासमोर येतं. आयडलला बऱ्याच इंजिनात २५० ते ३५० बारच्या दरम्यान असतं, ते तुमचं बरोबर असेलच, गाडी सुरू होतेय म्हणजे. बिघाड आहे तो लोडला.

घ्यायचा असेल तर हातातला, स्क्रीनवाला, ज्याच्या यादीत तुमच्या कंपनीचं, तुमच्या मॉडेलचं आणि बीएस-३ इंजिनचं नाव स्पष्ट लिहिलंय असा. दुकानदाराला सांगा, गाडीला लावून दाखव, लाइव्ह डेटा उघडून दाखव, मग पैसे. ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याला वर्ष आणि इंजिन लिहून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं लिहिलेलं असेल तर तिथनं पुढं जा. टॅबवाले मोठे स्कॅनर गॅरेजसाठी ठीक, एका पिकअपसाठी तेवढा पैसा गुंतवू नका, त्यांना बहुतेक वर्षाला अपडेटचे पैसेबी भरावे लागतात.

चंदगडी

मी बेळगावलाच गाडी दुरुस्तीला आणतो म्हणून इथं वाचत असतो. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात.

पहिली, इंजेक्टर बदलायची वेळ आलीच तर नुसते बदलून भागत नाही. कॉमन रेलच्या बऱ्याच इंजेक्टरवर आकडे-अक्षरांचा एक कोड कोरलेला असतो, तो ईसीएममध्ये भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर केसाएवढा वेगळा असतो आणि ईसीएम त्याप्रमाणं डिझेल मोजून सोडते. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये दोन इंजेक्टर बदलले आणि कोड भरलाच नाही, महिनाभर खडखड आणि धूर घेऊन फिरलो, परत खोलायला लावणार होते. शेवटी दुसऱ्यानं दहा मिनिटांत कोड भरला आणि गाडी गप्प झाली. म्हणून तुमच्या मिस्त्रीला आधी विचारा, इंजेक्टर कोडिंग करता येतं का. नाही म्हणाला तर तिथं इंजेक्टरला हात लावू देऊ नका. हे काम हातातल्या स्वस्त स्कॅनरनं होत नाही, त्याला लिहिण्याची सोय असलेला स्कॅनर लागतो.

दुसरी, इंजेक्टर खराब म्हणतोय तर बॅक लीक टेस्ट करून दाखव म्हणावं. चार इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचं, कुठल्या बाटलीत किती डिझेल आलं बघायचं. एकाच बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर. चारीत सारखं आणि थोडं आलं तर इंजेक्टरला दोष देता येत नाही. याला स्कॅनरबी लागत नाही.

निपाणीकर

चंदगडी, बाटलीची टेस्ट चांगली सांगितली. फक्त एक कळकळीनं सांगतो, जुने मिस्त्री साध्या पंपाच्या गाडीला चालू इंजिनात नोझलचा नट सैल करून बघतात कुठला सिलिंडर मेलाय ते. कॉमन रेलला हे कधीच करू देऊ नका. तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारा कातडीतनं आत शिरतो, दिसतो टाचणी टोचल्याएवढा आणि बोट काढायची वेळ येते. रिटर्नची नळी वेगळी, तिला प्रेशर नसतं.

जांबोटीवाला

बापरे, आमच्या मिस्त्रीनं परवाच पाना हातात घेतला होता. बरं झालं थांबवला.

आणखी एक विचारतो, स्कॅनर आला तर घाटात बघायचं कसं? मी एकटाच असतो गाडीत.

उद्यमबाग_वायरिंग

एकट्यानं घाटात स्क्रीन बघायची नाही, चोर्ल्याची वळणं तुम्हाला सांगायला नकोत. सोबत कुणाला तरी घ्या, नायतर रेकॉर्डची सोय असलेला स्कॅनर घ्या आणि घरी येऊन बगा. के-लाइनचा वेग फार कमी, सेकंदाला १०,४०० बिट, नव्या गाड्यांच्या कॅनला ५ लाख. म्हणून वीस आकडे एकदम उघडले तर प्रत्येक आकडा उशिरा बदलतो आणि नेमका दम तुटला तेव्हाचा हुकतो. चारच उघडा, आरपीएम, मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर आणि बूस्ट.

बूस्टचा सेन्सर खरा बोलतो का ते तपासायची एक सोपी रीत, चावी ऑन, इंजिन बंद, आकडा वाचा. बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे. समुद्राकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर म्हणून इथं ९२-९३ दिसायला पाहिजे. म्हणजे म्हापशात माल उतरवताना १०१ आणि घरी आल्यावर ९२-९३ असं दिसलं तर सेन्सर ठीक. इथं उभ्या गाडीत ७० नायतर ११५ दाखवला तर त्या सेन्सरवर नायतर त्याच्या वायरीवर संशय घ्या. काही स्कॅनर बारमध्ये दाखवतात, १०० किलोपास्कल म्हणजे १ बार.

आणि कोड लगेच पुसू नका. आधी फोटो काढा, फ्रीझ फ्रेम दिसत असेल तर तिचाबी, म्हणजे लाइट लागली त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती ते कळतं. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, १६ नंबरला कायम करंट असतो, उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

जांबोटीवाला

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय, कामच तसं होतं.

स्कॅनर घेतला. मी आणि शेजारच्या गावातला एक पिकअपवाला, दोघांनी मिळून निम्मे निम्मे पैसे घातले, त्याचीबी गाडी त्याच इंजिनची. दुकानातच गाडी नेली, वायरिंगवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणं लावून दाखव म्हटलं. पहिल्या दोन स्कॅनरनी गाडी धरलीच नाही, तिसऱ्यानं धरली आणि मागितलेलं-मिळालेलं दोन्ही दाखवलं, तोच घेतला. दुकानदार जरा वैतागला, पण पैसे आमचे होते.

कोड पी ००८७. दुसरा कुठला नाही. चावी ऑन करून बूस्ट बघितलं, जांबोटीत ९२, म्हापशात १०१. टर्बोचं खातं तिथंच बंद केलं.

मग धाकट्या भावाला सोबत घेतलं, नारळ भरले, आणि घाट चढताना त्यानं रेकॉर्ड केलं. सपाटीला दोन्ही आकडे बरोबरीनं चालले होते. चढाला ईसीएम मागतेय ११०० आणि मिळतंय १०५०, मग ९५०, मग ८००, आणि ७०० च्या खाली गेल्यावर लाइट लागली. ते बघताना अंगावर काटा आला, दोन महिने जे पायाला जाणवत होतं ते आकड्यात समोर होतं.

परत येऊन स्वस्तातनं सुरुवात केली. डिझेल फिल्टर काढला, काळा ठिक्कर आणि तळाला पाणी. मी तो आठ महिन्यांपूर्वी बदलायला सांगितला होता आणि बिलबी हाय, पण काढला तो फिल्टर तारीख बघता दोन वर्षांचा जुना. कुठं बदलायला दिला होता ते लिहीत नाही. नवीन बसवला, परत घाटात नेली, ११०० ला ९५०. फरक पडला पण पुरा नाही. मग टाकी उतरवली, आतल्या जाळीवर शेवाळासारखा चिकट थर. टाकी धुतली, जाळी साफ केली, सक्शनच्या पायपाचा टाकीकडचा तुकडा कडक होऊन चिरला होता तो बदलला, वॉशर नवीन घातले. हवा काढून सुरू केली.

काल भरलेल्या गाडीनं घाट चढलो. ११०० ला १०८०, १०९०. लाइट नाही. वरती येऊन गाडी थांबवली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. स्कॅनर सोडून सगळा खर्च २,८०० रुपये, टाकी उतरवायची मजुरी धरून.

वायरिंगवाले दादा, दहा-वीस बारचा फरक राहतोय तो चालतोय का?

उद्यमबाग_वायरिंग

चालतोय. अॅक्सिलेटर दाबताना क्षणभर मागं-पुढं होणारच. एकाच आरपीएमला धरून ठेवल्यावर दोन्ही जवळ येतात ना, बस. महिन्यानं परत एकदा त्याच चढाला, तेवढ्याच मालावर रेकॉर्ड करा आणि हे आकडे वहीत लिहून ठेवा. इंजेक्टर खरंच थकायला लागले तर या वहीतच आधी दिसेल. फिल्टरच्या तळाचं पाणी आता दर पंधरवड्याला सोडा, पावसात आठवड्याला. आणि फिल्टर बदलताना समोर उभं राहून बदलून घ्या, जुना हातात मागून घ्या.

चंदगडी

जांबोटीवाले, कुठल्या मॉडेलच्या स्कॅनरनं धरली ते मला खासगीत कळवा, माझ्या गाडीलाबी ७ नंबरचीच पिन आहे.

जांबोटीवाला

कळवतो. आणि जांबोटी, कणकुंबी, बैलूर या पट्ट्यात कुणाची ७ नंबर पिनवाली गाडी असंल तर दुपारी तीननंतर घरी या, मी असतो. लावून बघू, पैसे नकोत. येताना वही-पेन आणा, कोड आपल्या हातानं लिहून घ्या.